फायरफॉक्समधली रेफरर बंद करायची सोय: कामाची आहे, पण सरसकट शून्यावर नेऊ नका

एसटीत शेजारचा माणूस "कुठले पाव्हणं?" म्हणून विचारतो तेव्हा किती सांगायचं ते आपण ठरवतो. कधी नुसतं गाव सांगतो, कधी गल्ली, घर, बापाचं नाव सगळं सांगतो, आणि कधी हसून विषय बदलतो. ब्राउझरमध्ये ही निवड आपल्या हातात राहत नाही. लिंक दाबली की पुढची साइट काही विचारायच्या आत ब्राउझर तिला सांगून मोकळा होतो की हा माणूस अमुक साइटवरून आला. या निरोपाला रेफरर म्हणतात. तो फक्त लिंक दाबल्यावर जातो असंही नाही. उघडलेल्या पानात बाहेरून येणारं चित्र, जाहिरात, फॉन्ट, नकाशा, व्हिडिओ, मोजदाद करणारी स्क्रिप्ट यांतल्या प्रत्येकाच्या सर्व्हरला तोच निरोप पोचतो.

हा निरोप छाटायची किंवा थांबवायची सोय फायरफॉक्समध्ये आहे. तिचं हे परीक्षण मराठवाड्यातला वापर डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे: घरचा लॅपटॉप, सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातला दिवसभर अर्ज भरणारा संगणक, आणि फोन. निकाल आधीच सांगतो. संगणकावरच्या फायरफॉक्सइतकी बारीक सोय नेहमीच्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये नाही. पण या सोयीबद्दल जो सल्ला सगळ्यात जास्त फिरतो, तो म्हणजे "मुख्य सेटिंग शून्य करा", तो अर्ज भरणाऱ्या माणसासाठी चुकीचा आहे.

आधी आजची स्थिती, कारण जुनी माहिती अजून फिरते आहे. पूर्वी रेफररमध्ये पानाचा पूर्ण पत्ता जायचा, प्रश्नचिन्हापुढच्या मजकुरासकट. क्रोमने आवृत्ती ८५ पासून म्हणजे २०२० मध्ये, आणि फायरफॉक्सने आवृत्ती ८७ पासून म्हणजे मार्च २०२१ मध्ये हे बदललं. आता परक्या साइटला फक्त साइटचं नाव जातं, पानाचा पत्ता जात नाही. सुरक्षित साइटवरून असुरक्षित साइटवर गेलात तर काहीच जात नाही. त्याच साइटच्या आत मात्र पूर्ण पत्ता जातो. म्हणजे परक्याला गाव कळतं, घर नंबर कळत नाही.

मग काही करायची गरज काय? दोन कारणांनी आहे.

पहिलं म्हणजे नुसतं गावाचं नावही कधी कधी सगळं सांगून जातं. किनवटमधला एखादा माणूस एचआयव्हीची माहिती देणारी साइट वाचतो आणि तिथून औषध विकणाऱ्या साइटची लिंक दाबतो. कोणतं पान वाचलं हे त्या विक्रेत्याला कळायची गरजच नाही, साइटचं नाव पुरेसं आहे. कर्जमुक्तीचा सल्ला देणारी साइट, घटस्फोटाच्या कायद्याची साइट, व्यसनमुक्तीची साइट, सगळ्यांचं तसंच. आणि बाहेरच्या जाहिरात कंपनीचा तुकडा वेगवेगळ्या साइटांवर बसलेला असतो, त्यामुळे तिला ही नावं एकापुढे एक जोडता येतात.

दुसरं म्हणजे वरची सुधारणा हा फक्त डिफॉल्ट आहे, म्हणजे कोणी काही सांगितलं नाही तर चालणारी मूळ पद्धत, सक्ती नाही. साइटचालकाने आपल्या पानात रेफररमध्ये किती पाठवायचं याचं ढिलं धोरण लिहिलं तर पूर्ण पत्ता परक्याला जाऊ शकतो. ज्या साइटी अर्ज क्रमांक, मोबाइल नंबर किंवा जन्मतारीख थेट पत्त्यात टाकतात त्यांच्याबाबत ही गंभीर गोष्ट आहे. पावतीचं पान उघडल्यावर अ‍ॅड्रेस बारकडे एकदा नीट पाहा. प्रश्नचिन्हाच्या पुढे आपला नंबर दिसला, तर रेफररने नेमकं काय बाहेर जाऊ शकतं ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

हे नुसतं भीती घालणं नाही, घडून गेलेलं आहे. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विमा साइटवरून लोकांचं उत्पन्न, वय, गरोदर आहे का, तंबाखू ओढतो का अशी माहिती पत्त्यात बसून बाहेरच्या कंपन्यांकडे जात असल्याचं उघड झालं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेने असे निदान १४ बाहेरचे डोमेन (साइटची मूळ नावं) मोजले, आणि त्यातली काही गळती सरळ रेफररमधून होती. त्याआधी २०१० मध्ये फेसबुकवरच्या वापरकर्त्यांचे ओळख क्रमांक याच वाटेने जाहिरातदारांकडे पोचत असल्याचं गाजलं. गुगलवर शोधलेले शब्द रेफररमधून पुढच्या साइटांना दिल्याबद्दल अमेरिकेत खटला चालला. तो २०१० ला सुरू झाला, एक तडजोड थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि शेवटी २०२३ मध्ये २ कोटी ३० लाख डॉलरवर मिटला.

आता प्रत्यक्ष सोय. अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट, मग कोलन, मग कॉन्फिग असं इंग्रजीत सलग टाइप करून एंटर दाबा. धोक्याची सूचना येते, ती मान्य करून पुढे जा. वर शोधपट्टी येते. इथेच बहुतेकांची पहिली अडचण होते. इंग्रजी शब्दकोशात रेफरर या शब्दात मधे दोनदा आर आहे, पण इथे एकच आर टाइप करायचा: आर, ई, एफ, ई, आर, ई, आर. मे १९९६ मध्ये निघालेल्या आरएफसी १९४५ या वेबच्या नियमांच्या कागदात ही स्पेलिंगची चूक छापली गेली, तोवर ती सर्व्हर आणि ब्राउझरांत रुजली होती, म्हणून आजवर तशीच चालू आहे. दोन आर टाकून शोधलंत तर खालच्या नोंदी सापडणार नाहीत आणि "माझ्या आवृत्तीत ही सोयच नाही" असा समज होईल.

एकच आर टाकल्यावर बऱ्याच नोंदी दिसतात. त्यातल्या पाच समजून घ्या, बाकीच्यांना हात लावू नका.

पहिली नोंद सेंड-रेफरर-हेडर नावाने संपते. तिची किंमत मुळात २ असते. ० केली की रेफरर सगळीकडे बंद, स्वतःच्या साइटच्या आतसुद्धा. १ केली की लिंक दाबल्यावर जातो, पण पानातल्या चित्रांसाठी वगैरे जात नाही. ही १ किंमत मधला मार्ग वाटते, पण आमच्या मते ती सगळ्यात निरुपयोगी आहे. ज्या परक्या साइटवर तुम्ही स्वतः जाता तिला नाव कळतंच, आणि चित्रांना रेफरर न गेल्यामुळे स्वतःच्याच साइटवरची चित्रं अडू शकतात. तोटा दोन्हीकडून. ही नोंद २ वरच राहू द्या.

दुसरी नोंद एक्स-ओरिजिन-ट्रिमिंग-पॉलिसी. खरी कामाची हीच. मुळात ०. ती २ करा. याचा अर्थ परक्या साइटला कधीही साइटच्या नावापलीकडे काही जाऊ द्यायचं नाही, मग पानाने कितीही ढिलं धोरण मागितलेलं असो. १ ठेवली तर प्रश्नचिन्हापुढचा मजकूर कापला जातो पण पानाचा बाकी पत्ता जाऊ शकतो, त्यामुळे अर्ध्यावर थांबायचं कारण नाही. ही एक नोंद २ केल्याने एखादी चांगली साइट मोडायची शक्यता फार कमी आहे, कारण आजचे सगळे प्रमुख ब्राउझर डिफॉल्टनेच इतकंच पाठवतात आणि साइटचालकांना त्याची सवय झाली आहे. हे परीक्षण वाचून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

तिसरी एक्स-ओरिजिन-पॉलिसी. छाटणीऐवजी परक्याला रेफरर द्यायचाच की नाही हे ती ठरवते. मुळात ०, म्हणजे द्यायचा. १ केलं तर मूळ डोमेन एकच असेल तरच जातो. २ केलं तर सबडोमेनसकट, म्हणजे मूळ नावाआधी लागणाऱ्या उपनावासकट, पूर्ण नाव जुळलं तरच जातो. १ आणि २ मधला फरक आपल्याकडे चांगलाच जाणवतो. महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन या नावाखाली जेवढी सबडोमेन आहेत, महाडीबीटीचं धरून, ती सगळी १ या किमतीला एकाच वाड्यातली बिऱ्हाडं वाटतात आणि त्यांच्यात रेफरर चालू राहतो. २ केलं की लॉगिनचं सबडोमेन आणि अर्जाचं सबडोमेन एकमेकांना परकी होतात. आपले सरकारचं पोर्टल महाऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन खाली आहे, ते वरच्या वाड्यात धरलं जात नाही. पीक विम्याचं केंद्राचं पोर्टल आणखी वेगळं. बँकेचं पेमेंट पान तर साफ परकं. म्हणून २ ही किंमत अर्जाच्या संगणकावर वापरायचीच नाही, आणि १ वापरायची की नाही ते पुढे सांगतो.

चौथी स्पूफ-सोर्स. ती ट्रू केली की ब्राउझर प्रत्येक साइटला खोटंच सांगतो की मी तुझ्याच पानावरून आलो. कल्पना चतुर आहे आणि काही जुन्या सल्ल्यांत तिची शिफारस सापडते. वापरू नका. अनेक साइटी बनावट विनंती ओळखायला रेफररच पाहतात: अर्ज आपल्याच पानावरून आलाय की भलत्याच साइटने लपून पाठवलाय. स्पूफ-सोर्स चालू असेल तर भलत्या साइटने पाठवलेली विनंतीही घरचीच दिसते. गोपनीयता मिळवायच्या नादात कुलूप काढून ठेवल्यासारखं होतं.

पाचवी डिफॉल्ट-पॉलिसी, मुळात २. ० केली तर "काहीच पाठवू नका" हा डिफॉल्ट होतो. ऐकायला छान, पण ही नोंद फक्त साइट स्वतः काही बोलली नसेल तेव्हाच लागू होते. साइटने आपलं धोरण लिहिलं असेल तर तेच चालतं. ज्या साइटपासून जपायचं तिलाच ठरवू देण्यात फारसा अर्थ नाही, म्हणून हिच्या भरवशावर राहू नका.

किंमत बदलायला ओळीच्या उजवीकडची पेन्सिल दाबा, आकडा टाका, बरोबरची खूण दाबा. लगेच लागू होतं, ब्राउझर बंद करावा लागत नाही. पण आधीच उघडलेलं पान जुन्या सेटिंगने आलेलं असतं, म्हणून अर्ज अर्धवट भरलेला असताना सेटिंग बदलू नका. बदललीच तर लॉगिनपासून पुन्हा सुरुवात करा. मूळ किंमत हवी असेल तर ओळीच्या टोकाला वळलेला बाण दिसतो, तो दाबला की झालं.

अबाउट कॉन्फिगमध्ये जायला ज्यांना धाकधूक वाटते त्यांच्यासाठी सोपी वाट: सेटिंगमधल्या प्रायव्हसी विभागात ट्रॅकिंग संरक्षण "स्ट्रिक्ट" करा. आवृत्ती ९३ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून, स्ट्रिक्टमध्ये आणि खासगी विंडोत फायरफॉक्स परक्या साइटसाठीची ढिली धोरणं मोजत नाही. छाटणीच्या नोंदीचं बरंचसं काम यात होतं.

आता काय मोडतं ते. सेतू चालवणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

मुख्य नोंद, म्हणजे पहिली सेंड-रेफरर-हेडर, शून्य केल्यावर सगळ्यात ओळखीची खूण म्हणजे अर्ज सबमिट करताच येणारा ४०३ चा, म्हणजे परवानगी नाकारल्याचा, पांढरा पडदा. जँगो नावाच्या प्रणालीवर बनलेल्या साइटवर तर तो स्पष्ट सांगतो की सुरक्षित साइटला रेफरर हवा होता आणि ब्राउझरने पाठवला नाही. जँगो ४.० पासून आधी ओरिजिन नावाचा दुसरा निरोप तपासला जातो, त्यामुळे नव्या साइटी सहसा अडत नाहीत. पण एकदा बनवलेली साइट वर्षानुवर्षं तशीच चालवायची पद्धत सगळीकडे आहे, आणि जुन्या आवृत्त्या अडतात. इतर प्रणालींवरच्या साइटी इतकं नीट सांगतही नाहीत. "सेशन संपलं", "अवैध विनंती", किंवा काहीच न बोलता पुन्हा लॉगिनचं पान. अशा वेळी माणूस पासवर्ड बदलतो, कॅशे पुसतो, इंटरनेटवाल्याला फोन लावतो. कारण मात्र त्याने महिनाभरापूर्वी बदललेल्या एका आकड्यात असतं.

पेमेंटची गोष्ट जास्त नाजूक आहे. पोर्टलवरून बँकेच्या पानावर जाताना काही पेमेंट पानं रेफरर पाहून ठरवतात की विनंती नोंदलेल्या साइटवरूनच आली का. एक्स-ओरिजिन-पॉलिसी १ किंवा २ असेल तर तिथे रेफरर पोचतच नाही. आणि बँकेहून पोर्टलकडे परतताना अडलं तर पैसे कापले गेलेले असू शकतात आणि पावती मात्र निघत नाही. असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक लिहून घ्या, सेटिंग मूळ जागी आणा, पुन्हा लॉगिन करून पेमेंटची स्थिती तपासा. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला किंवा सीईटीच्या अर्जाच्या शेवटच्या रात्री या सेटिंगशी खेळायचं नाही, एवढी शिस्त केंद्रचालकाने ठेवावीच.

पानातले व्हिडिओ आणि नकाशे हे तिसरं ठिकाण. शिकवणीच्या साइटवर बसवलेला यूट्यूबचा व्हिडिओ काळा पडून त्यावर "एरर १५३" दिसला, तर अर्थ सरळ आहे: यूट्यूबला रेफरर मिळाला नाही. लातूर-नांदेडकडे नीटची तयारी करणारी लेकरं असे व्हिडिओ रोज पाहतात, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा. व्हिडिओ यूट्यूबवर थेट उघडला की चालतो. ठरावीक साइटपुरतेच खुले ठेवलेले व्हिमिओचे व्हिडिओही असेच अडतात, आणि संदेशात दोष व्हिडिओच्या गोपनीयतेवर जातो. गुगलचा नकाशा बसवलेल्या साइटने नकाशा वापरायची आपली चावी (गुगलने दिलेला सांकेतिक क्रमांक) ठरावीक डोमेनपुरती बांधलेली असेल तर नकाशाच्या जागी करडा चौकोन येतो. ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशाचे तुकडेही रेफरर नसेल तर नाकारले जातात, कारण त्यांच्या वापराच्या नियमातच तो मागितलेला आहे. आपल्या सेटिंगपैकी मुख्य नोंद ० किंवा एक्स-ओरिजिन-पॉलिसी १ अथवा २ असेल तेव्हा हे सगळं होतं. नुसत्या छाटणीने (वरची दुसरी नोंद) होत नाही, कारण यांना साइटचं नाव पुरतं आणि छाटणीनंतरही नाव जातं. गाव सांगितलं की दार उघडतं, घर नंबर कोणी मागत नाही.

चित्रं न दिसणं हा शेवटचा प्रकार. दुसऱ्याने आपली चित्रं फुकट वापरू नयेत म्हणून काही साइटी रेफरर तपासतात, आणि तो कोराच आला तर चित्राच्या जागी फाटक्या कागदाचं चिन्ह दिसतं.

या सोयीचा सर्वांत मोठा दोष इथेच आहे: फायरफॉक्समध्ये साइटनिहाय सवलत देता येत नाही. अमुक बँकेला रेफरर द्या, बाकीच्यांना नको, असं म्हणायची जागाच नाही. आकडा बदलला की सगळ्यांसाठी बदलतो. एकमेकांपासून वेगळे ठेवलेले टॅब, म्हणजे कंटेनर टॅब, त्यांनीही हे सुटत नाही. कुकी वेगळ्या होतात, पण या सेटिंग पूर्ण प्रोफाइलला एकच असतात. या एका उणिवेसाठी आमच्याकडून मोठे गुण कापले जातात.

त्यावर आजचा नीट उपाय म्हणजे दोन प्रोफाइल, म्हणजे एकाच फायरफॉक्समध्ये स्वतंत्र सेटिंगचे दोन कप्पे. अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट कोलन प्रोफाइल्स टाका आणि नवं प्रोफाइल बनवा. एकाचं नाव "अर्ज" ठेवा: त्यात छाटणी २, बाकी सगळं मूळचं. दुसऱ्याचं "वाचन": त्यात छाटणी २ आणि एक्स-ओरिजिन-पॉलिसी १. आजार, कायदा, कर्ज असलं जे काही खासगीत वाचायचं ते दुसऱ्यात, बँक, सरकारी पोर्टल आणि क्लास पहिल्यात. वाचनात एखादा व्हिडिओ अडला तर तिथे सेटिंग ढिली करत बसू नका, लिंक उचलून पहिल्यात उघडा. दोन्ही प्रोफाइलना वेगळ्या रंगाची थीम लावली तर चूक होत नाही. केंद्रात दोन माणसं पाळीपाळीने बसत असतील तर रंग लावाच.

चारपाच संगणक असतील तर प्रत्येकावर हाताने आकडे बदलत बसायची गरज नाही. अबाउट कोलन सपोर्ट उघडा, त्यात प्रोफाइल फोल्डरची ओळ असते, फोल्डर उघडा आणि तिथे युजर डॉट जेएस नावाची साधी मजकुराची फाइल ठेवा. तिच्यात फायरफॉक्सच्या ठरलेल्या मांडणीत नोंदीचं पूर्ण नाव आणि किंमत लिहायची, एका ओळीत एक. फायरफॉक्स सुरू होताना दर वेळी ही फाइल वाचतो, त्यामुळे दिवसभरात कोणी आकडे हलवले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जागेवर येतात. उलट बाजूही ध्यानात ठेवा: ही फाइल आहे हे विसरून तुम्ही स्वतः आकडा बदललात, तर तोही पुढच्या वेळी पुसला जातो. नोटपॅडमध्ये फाइल जतन करताना नावापुढे टीएक्सटी चिकटत नाही ना ते पाहा. चिकटलं तर फायरफॉक्स ती फाइल वाचतच नाही आणि सांगतही नाही.

बदल लागू झाला की नाही हे तपासायला बाहेरची साइट लागत नाही. एफ-१२ दाबून नेटवर्कचा भाग उघडा, एखाद्या पानावरून परक्या साइटची लिंक त्याच टॅबमध्ये दाबा, यादीतली पहिली ओळ निवडा आणि विनंतीच्या हेडरमध्ये, म्हणजे तिच्यासोबत जाणाऱ्या निरोपांच्या यादीत, रेफररची ओळ पाहा. छाटणी असेल तर तिथे नुसतं साइटचं नाव आणि शेवटी तिरकी रेघ दिसेल. एक्स-ओरिजिन-पॉलिसी १ असेल तर ओळच नसेल. पत्ता हाताने टाइप करून किंवा बुकमार्कवरून गेलात तर रेफरर मुळातच जात नाही, म्हणून तपासणी लिंक दाबूनच करा. नाहीतर न केलेल्या बदलाचंही समाधान मिळेल.

आणि याच गोष्टीतून कुठल्याही ब्राउझरमध्ये चालणारा बिनखर्चाचा उपाय मिळतो: नाजूक लिंक दाबायची नाही, कॉपी करून नव्या टॅबमध्ये पेस्ट करायची. पुढच्या साइटला ना नाव कळतं, ना पत्ता.

क्रोमबद्दल थोडक्यात. डिफॉल्ट ठीक आहे, पण सेटिंगच्या पानात रेफररचं बटण नाही. एजचंही तसंच. मग एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा बाहेरचा छोटा प्रोग्राम, लावावं लागतं, आणि ते "सर्व साइटवरचा सर्व डेटा वाचायची आणि बदलायची" परवानगी मागतं. साइटचं नाव लपवायला एका अनोळखी माणसाला सगळी पानं वाचायची मुभा देणं हा सौदा आमच्या मते तोट्याचा आहे. शिवाय हेडर काढणाऱ्या एक्स्टेंशनने पानातल्या स्क्रिप्टला दिसणारा रेफरर आपोआप कोरा होत नाही. फायरफॉक्सच्या सेटिंगने दोन्ही जागा एकदम साफ होतात. ब्रेव्ह परक्या साइटसाठी नावापलीकडे जाऊ देत नाही, म्हणजे ज्यांना आकडे बदलायचेच नाहीत त्यांच्यासाठी तो चांगला पर्याय आहे. सफारीही परक्याला नावच देतो, पण त्यापुढे काही ठरवायला जागा देत नाही.

फोनवर चित्र तितकं चांगलं नाही, आणि आपल्याकडे बहुतेकांचा संगणक म्हणजे फोनच. अँड्रॉइडवरच्या नेहमीच्या फायरफॉक्समध्ये अबाउट कॉन्फिग खुलं नाही, नाइटली या चाचणी आवृत्तीत आहे. रोजच्या बँकेच्या कामासाठी चाचणी आवृत्तीची शिफारस आम्ही करणार नाही. नेहमीच्या आवृत्तीत ट्रॅकिंग संरक्षण स्ट्रिक्ट करा आणि नाजूक वाचन खासगी टॅबमध्ये करा. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या आतच उघडणाऱ्या पानांवर तुमच्या फायरफॉक्सची कुठलीच सेटिंग चालत नाही. तिथल्या तीन ठिपक्यांतून "ब्राउझरमध्ये उघडा" निवडावं लागतं.

रेफरर छाटल्याने काय मिळत नाही हेही नीट कळलं पाहिजे. आयपी पत्ता लपत नाही, कुकी पुसल्या जात नाहीत, लॉगिन केलेल्या साइटला तुम्ही कोण ते ठाऊकच असतं. डेटा पॅकही वाचत नाही, कारण रेफरर म्हणजे काही अक्षरांचा मजकूर असतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या लिंकच्या शेपटीला यूटीएम, एफबीक्लिड, जीक्लिड अशी लांबलचक अक्षरं असतात. ती रेफररचंच काम दुसऱ्या दाराने करतात आणि वरच्या कुठल्याही आकड्याने थांबत नाहीत. प्रश्नचिन्हापासून पुढचा भाग हाताने काढून लिंक उघडून पाहा, बातमीचं पान बहुतेक वेळा तसंही उघडतं. फायरफॉक्स १२० पासून लिंकवर उजवं बटण दाबल्यावर ट्रॅकिंगशिवाय लिंक कॉपी करायचा पर्यायही मिळतो.

जालना, संभाजीनगर, परभणीकडच्या ज्या दुकानदारांची, क्लासवाल्यांची, दवाखान्यांची स्वतःची साइट आहे त्यांच्यासाठी एक काम उरतं. गिऱ्हाइकाने स्वतःच्या ब्राउझरमध्ये आकडे बदलायची वाट पाहू नका. साइट बनवणाऱ्याला सांगा की सर्व्हरवर रेफरर-पॉलिसी हे हेडर लावा. या नावात मात्र दोन आर, तिथे स्पेलिंग सुधारून घेतलं आहे. किंमत "स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन", आणि दवाखान्याची किंवा समुपदेशनाची साइट असेल तर "सेम-ओरिजिन", म्हणजे बाहेर नावही जाणार नाही. नकाशा किंवा यूट्यूबचा व्हिडिओ बसवला असेल तर तेवढ्या चौकटीला स्वतंत्रपणे ढिलं धोरण देता येतं, त्यासाठी पूर्ण साइट ढिली करू नका. अर्जाचा क्रमांक आणि मोबाइल नंबर पत्त्यात टाकायचं आधी थांबवा, कारण पत्त्यात जे नाही ते रेफररमधून गळत नाही.